समुद्र सोडून समुद्र बघायला

स्वान्झी, वेल्स
ईस्टरनंतरचा बुधवार

ती. बाबा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "समुद्र बघायला समुद्र सोडून कशाला यायचं गं?" आणि फोन आईच्या हातात दिलात. तुमचं म्हणणं चुकीचं नाही. दारातून बाहेर पडलं की पाच मिनिटांत गुहागरची पुळण. त्या माणसाला विमानात बसवून दुसऱ्या पुळणीवर न्यायचं म्हणजे त्याला कारण सांगायलाच हवं. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आई मधे सांगत बसते आणि अर्धं गाळते. म्हणून हे पत्र. सावकाश वाचा, आईलाही वाचून दाखवा.

शनिवारी आम्ही रॉसिलीला गेलो होतो, त्याबद्दल सांगते. म्हणजे मी तुम्हाला इतक्या हट्टाने का बोलावते आहे ते कळेल.

स्वान्झीच्या पश्चिमेला जमिनीची एक चिंचोळी पट्टी समुद्रात घुसली आहे. तिला गाउअर म्हणतात. तिच्या अगदी टोकाला रॉसिली हे लहानसं गाव आहे. शहराच्या बस स्थानकातून बस निघते आणि तासाभरात तिथे सोडते. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंनी उंच कुंपणझाडी, समोरून गाडी आली की एकाने मागे सरायचं. आबलोलीकडच्या जुन्या रस्त्याने जातोय असंच वाटतं, फक्त लाल माती नाही. गावात एक जुनं चर्च, मोजकी घरं, एक हॉटेल, एक दुकान. मग एकदम जमीन संपते. खाली कडा, आणि कड्याच्या पायथ्यापासून उत्तरेकडे सरळ गेलेली पाच किलोमीटरची वाळू. माड नाहीत, सुरू नाही, एक टपरी नाही. मागे रॉसिली डाउन नावाचा उघडा डोंगर, 193 मीटर उंच. त्याच्या उतारावर मेंढ्या आणि घोडी मोकळी चरत असतात. डोंगर आणि पुळण यांच्या मधे पांढऱ्या रंगाचं एकच घर आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे पाद्री राहायचे, कारण त्यांना दोन्ही टोकांच्या गावांतली चर्चं सांभाळायची होती. पुळण पश्चिमेला तोंड करून आहे. आई, म्हणजे सूर्य इथेही समुद्रातच बुडतो.

बाबा, आता मुख्य गोष्ट. तुम्हाला दाभोळच्या बंदर कचेरीतला तो फळा आठवतो ना? रोज सकाळी खडूने भरतीची आणि सुकतीची वेळ लिहायचात. मी सुट्टीत तुमच्याबरोबर धोपाव्याहून तरीतून यायचे आणि तुम्ही मला आधी हिशेब करायला लावायचात. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा. माझं उत्तर तक्त्याशी जवळपास जुळलं की तुम्ही खडू माझ्या हातात द्यायचात. इथे आल्यावर पहिल्या वर्षी मी तोच हिशेब लावून पाहिला आणि सगळं उलटं निघालं. आपल्याकडे पौर्णिमेला भर दुपारी पाणी चढलेलं असतं. इथे पौर्णिमेला दुपारी एकच्या सुमाराला तळाची ओहोटी असते, आणि भरती सकाळी-संध्याकाळी सातच्या आगेमागे. आता मी पाऊणपटीत सात-साडेसात तास मिळवते, की उन्हाळ्यातली इथली वेळ ढोबळमानाने निघते. तुम्ही आल्यावर हा हिशेब तपासून द्यायचा आहे. वाळूवर उतरताना मात्र मी छापील तक्ताच बघते, त्याची काळजी नको.

आणखी एक जमतं. ईस्टरचा रविवार वसंतातल्या पौर्णिमेनंतर येतो, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या हनुमान जयंतीच्या जवळपास. त्यामुळे ईस्टरच्या सुट्टीत उधाण ठरलेलं आणि मोठी ओहोटी दुपारची. शाळा बंद, मला हॉस्पिटलच्या वॉर्डातून सुट्टी आणि समुद्र मागे सरलेला, असं तिन्ही एकदम मिळतं. आईने फोनवर हनुमान जयंतीच्या सुंठवड्याचं सांगितलं आणि मी लगेच तक्ता उघडला. शनिवारी दोनच्या सुमाराला ओहोटी.

कड्यावरून खाली जाणारी वाट बरीच उताराची आहे, पायऱ्याही आहेत. खाली पोचलो तेव्हा पाणी इतकं लांब गेलं होतं की लाटांचा आवाज नुसता घुमत होता. आपल्याकडे सुकती असली तरी वाळूवर उभं राहून लाट पायाशी यायची वाट बघता येते. इथे लाटेपर्यंत चालत जावं लागतं, आणि ते चालणं काही संपत नाही. आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीत आणि ओहोटीत फरक तीनेक मीटरच्या आतबाहेरचा. स्वान्झीला तो साडेआठ मीटरच्या घरात जातो. म्हणजे दोन मजली घर सहा तासांत बुडायचं आणि पुढच्या सहा तासांत पुन्हा उघडं पडायचं. ब्रिस्टल चॅनल म्हणतात तो हा समुद्राचा पट्टा आत जाताना नरसाळ्यासारखा निमुळता होत जातो. अटलांटिकमधून आलेलं पाणी त्यात कोंडतं आणि वर चढतं. शिवाय समुद्राच्या या पट्ट्याची लांबी आणि खोली अशी आहे की भरतीचा हेलकावा तिथे आणखी वाढतो. जगातल्या सर्वांत मोठ्या भरती-ओहोटींमध्ये इथली गणली जाते. बाबा, तुम्ही आयुष्यभर भरती-ओहोटीच्या वेळा लिहिल्यात. जगातल्या सर्वांत मोठ्या भरतींपैकी एक तुमच्या मुलीच्या घरापासून बसच्या अंतरावर आहे आणि तुम्ही ती बघितली नाहीत, हे मला बरं वाटत नाही.

ओहोटीला वाळूतून ओकच्या लाकडाच्या जाड काळ्या फासळ्या वर आलेल्या दिसतात. ते हेल्व्हेशिया नावाच्या नॉर्वेच्या शिडाच्या जहाजाचे अवशेष. 1887 च्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला वादळात ते या पुळणीवर येऊन रुतलं. पोटात पाचशे टन लाकूड होतं. माणसं सगळी वाचली, लाकूड किनाऱ्यावर पसरलं आणि विकलं गेलं. सांगाडा तेवढा राहिला. मी त्या फासळ्यांना हात लावून पाहिला. शेवाळ आणि शिंपल्यांच्या खपल्या बसल्या आहेत, पण लाकूड आतून अजून टणक आहे. आपल्या गलबतांचं सागवान असंच टिकतं असं तुम्ही सांगायचात. इथे ओक. तुमची नात त्याच्याभोवती फेऱ्या मारत होती आणि हे जहाज बाहेर काढून दुरुस्त का करत नाहीत असं विचारत होती. त्याचं उत्तर आजोबाच देतील असं मी तिला सांगितलं आहे.

पुळणीच्या दक्षिण टोकाला वर्म्स हेड आहे. समुद्रात लांबवर गेलेला खडकांचा सुळका, मैलभर लांब, मधे मधे खाली दबलेला आणि शेवटी पुन्हा उचललेला. समुद्रातून एखादा अजस्र साप मान वर काढून चाललाय असा आकार. जुन्या काळी उत्तरेकडून आलेल्या खलाशांनाही तो तसाच दिसला, म्हणून हे नाव. भरतीला ते बेट असतं. ओहोटीच्या आधी अडीच तास आणि नंतर अडीच तास मधला खडकाळ पट्टा उघडा पडतो आणि चालत जाता येतं. तेवढ्या वेळात जाऊन परत यायचं. पाणी परतताना समोरून येत नाही, दोन्ही बाजूंनी येऊन मधेच मिळतं आणि ओढ भयंकर असते. अडकलात तर पाण्यात उतरू नका, बेटावरच पुढच्या ओहोटीची वाट बघा, असं लोकांना बजावून सांगतात. समोरच्या टेकाडावर तटरक्षकांची जुनी चौकी आहे. तिथे आता स्वयंसेवक दुर्बीण घेऊन बसतात. बहुतेक निवृत्त माणसं. त्या दिवशीच्या वेळा लिहिलेल्या असतात, विचारलं की समजावून सांगतात. बाबा, ते काम बघून मला तुमची फार आठवण झाली. पगार नाही, बक्षीस नाही. कुणी खडकांवरून उशिरा परत येत असेल तर नजर त्याच्यावर.

आम्ही पलीकडे गेलो नाही. नात लहान आहे आणि खडक शिंपल्यांनी धारदार झालेले आहेत. टेकाडावरच्या गवतात बसून डबा खाल्ला, थर्मासमधला चहा घेतला. खालच्या खडकांवर सील पहुडलेले दिसले. लांबून करडे दगडच वाटतात, मग एक दगड मान वळवतो. पक्ष्यांचा विणीचा काळ आहे म्हणून सुळक्याच्या अगदी शेवटच्या भागात सध्या कुणाला जाऊ देत नाहीत.

आई, तू विचारलं होतंस की तिथे मासळी मिळते का, की नुसतं थंडगार डब्यातलं खाता. गाउअरच्या उत्तर बाजूला पेनक्लाउद नावाचं गाव आहे. तिथल्या खाडीत कॉकल मिळतात, आपल्या तिसऱ्यांच्या नात्यातले, गोलसर आणि उभ्या रेघांचे. पूर्वी हे काम सगळं बायकांचं होतं. ओहोटीला गाढवं घेऊन खाडीत जायच्या, वाळू खरवडून कॉकल गोळा करायच्या, उकडून, टोपल्या घेऊन स्वान्झीच्या बाजारात विकायच्या. आमच्या वॉर्डातल्या एका आजींनी मला त्यांच्या आजीबद्दल हे सांगितलं. सांगताना त्यांनी बोटांनी वाळू ओढून दाखवली आणि मला आपल्या खाडीत कमरेत वाकून शिंपल्या काढणाऱ्या बायका डोळ्यांसमोर आल्या. स्वान्झीचा तो छपराखालचा बाजार अजून भरतो, कॉकल अजून तिथेच मिळतात. मी आणून तुझ्यासारखं सुकं केलं, खोबरं आणि आमसूल घालून. जावयाने तीन भाकऱ्या खाल्ल्या. तिथेच खडकावरचं समुद्री शेवाळ तासन् तास शिजवून त्याचा काळपट हिरवा गोळा विकतात. ओटच्या पिठात मिसळून, थापून, तव्यावर परततात आणि सकाळच्या न्याहारीला खातात. तुला दिसायला आवडणार नाही, चवीला आवडेल. खारट आणि थोडी लोखंडाची चव. त्यात हिरवी मिरची आणि लसूण ठेचून घालायची असं मी मनात धरलं आहे, पण ते तुझ्या हातूनच व्हावं.

परत येताना चर्चमध्ये गेलो. आत एडगर एव्हान्स या खलाशाची स्मृतिशिला आहे. जन्म याच रॉसिलीतला, 1876 चा. कॅप्टन स्कॉटबरोबर दक्षिण ध्रुवावर पोचलेल्या पाच जणांपैकी हा एक. परतीच्या वाटेवर फेब्रुवारी 1912 मध्ये बर्फातच गेला. पाचांपैकी कुणीच परत आलं नाही. त्याच्या बायकोने ही शिला बसवली. एवढ्याशा गावातून निघालेला मुलगा पृथ्वीच्या तळाशी जाऊन गेला आणि त्याच्या नावापुढे लोक अजून उभे राहतात. मी बराच वेळ तिथे थांबले. घरापासून लांब राहणाऱ्या सगळ्यांच्याच आई-बापांचा विचार मनात आला. यापलीकडे काही लिहीत नाही, तुम्हाला समजेल.

बाबा, रत्नागिरीच्या सड्यांवरची कातळशिल्पं बघायला आपण गेलो होतो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की ही कुणी कोरली ते कळलं असतं तर फार बरं झालं असतं. याच गाउअरच्या दक्षिण कड्यात पॅव्हिलँड नावाची गुहा आहे. 1823 मध्ये विल्यम बकलँड या ऑक्सफर्डच्या भूगर्भशास्त्रज्ञाला तिथे गेरूने लाल झालेला सांगाडा मिळाला. बरोबर हस्तिदंती वस्तू होत्या, म्हणून त्यांनी ती रोमन काळातली बाई ठरवली. नंतर कळलं की तो तरुण पुरुष होता आणि सुमारे 33 हजार वर्षांपूर्वीचा. पण रोमन काळातली ती 'लाल बाई' हे नाव तसंच राहिलं. त्या माणसाला पुरलं तेव्हा गुहेसमोर समुद्र नव्हताच. पाणी कित्येक किलोमीटर लांब होतं आणि खाली मैदान, त्यावर मॅमथ. आता तिथे लाटा आपटतात. गुहेपर्यंत जाणं अवघड आहे, ओहोटीला खडकांवरून चढून जावं लागतं, म्हणून आपण ते करायचं नाही. पण त्या कड्यावर उभं राहून तुम्हाला हे सगळं दाखवायचं आहे. इतकी जुनी माणसं आणि इतकी वर-खाली झालेली समुद्राची रेषा एकाच ठिकाणी विचारात घ्यायला तुमच्यासारखा सोबती इथे मला नाही.

रॉसिलीच्या वाळूखालीही एक गाव आहे. मध्ययुगात वाळू उडत उडत आली आणि जुनं गाव आणि चर्च गिळून टाकलं. लोक वर कड्यावर राहायला आले. 1980 मध्ये खणलं तेव्हा चर्चच्या भिंती सापडल्या. वर कड्यावर मात्र त्या काळची शेती अजून आहे. लांबट चिंचोळ्या पट्ट्या, मधे बांध, प्रत्येकाच्या वाट्याला एक पट्टी. आपल्या भावकीच्या दळ्या आठवल्या. आता ती जमीन नॅशनल ट्रस्टकडे आहे. 1895 मध्ये स्थापन झालेली ही संस्था किनारे, डोंगर, जुने वाडे विकत घेऊन किंवा दान घेऊन सांभाळते. पट्ट्यांमध्ये सूर्यफुलं लावतात, जुलै-ऑगस्टमध्ये कडा पिवळा होतो. आणि 1956 मध्ये ब्रिटनमधला पहिला संरक्षित निसर्गसुंदर प्रदेश म्हणून निवडला गेला तो गाउअरच. म्हणूनच एवढ्या पुळणीवर एकही इमारत नाही. मला याचं फार मोल वाटतं. किनाऱ्याला लागून भिंत घालायची, रिसॉर्ट उभारायचं, सुरूचं बन तोडायचं असं काही कानावर आलं की तुम्ही दोन दिवस जेवत नाही हे मला माहीत आहे. हे असंही करता येतं, आणि लोक स्वतःच्या खिशातून वर्गणी भरून करतात, हे तुम्ही डोळ्यांनी बघावं.

आता तुमच्या शंका. गुडघा: खाली वाळूवर उतरायची पायवाट तुम्हाला जमणार नाही आणि मी उतरू देणारही नाही. पण गावातून चौकीपर्यंतची वाट कड्याच्या माथ्यावरून जाते, बरीचशी सपाट आहे, आणि सगळी पुळण, हेल्व्हेशिया, वर्म्स हेड तिथूनच दिसतं. वाळूवर चालायचंच असेल तर आमच्या घराजवळ स्वान्झीच्या उपसागराची पुळण आहे. तिथे रस्त्यावरून सरळ वाळूत पाय ठेवता येतो.

थंडी: जूनमध्ये दिवसा सोळा-सतरा अंश असतं. वारा मात्र सोडत नाही. आईने शाल आणायची नाही, ती उडते. कानाला बांधायला रुमाल आणि अंगात स्वेटर. जाकिटं मी इथे घेऊन ठेवते. दिवे लावायची वेळ रात्री साडेनऊला येते, त्याआधी सूर्य मावळतच नाही. आई, तोवर तुझं जेवण, भांडी, जप सगळं होऊन जाईल आणि तरी उजेड असेल. वटपौर्णिमा इथे आली तरी वड मिळणार नाही, पण पाटावर चंदनाने वड काढून देईन, सूतही आणून ठेवते.

कागदपत्रं: पर्यटकाचा व्हिसा सहा महिन्यांपर्यंत राहता येईल असा मिळतो. तुम्ही दोन महिने राहा म्हणजे झालं. अर्ज मी इथून भरते. बाबांच्या पेन्शनचा दाखला, दोघांच्या बँक पासबुकाचे सहा महिन्यांचे उतारे आणि घराचा उतारा दादाकडून स्कॅन करून घ्या. बोटांचे ठसे द्यायला एकदा मुंबईला जावं लागेल, दादा बरोबर येईल. प्रवासाचा आरोग्य विमा दादाला घ्यायला सांगितला आहे. त्यावर खर्च कशाला असं म्हणू नका. तिकिटांबद्दल तर बोलूच नका. लंडनच्या विमानतळावर मी स्वतः येते, तिथून आपण एकत्रच यायचं.

बाबा, तुमच्यासाठी एक काम. ज्येष्ठ पौर्णिमा धरून पुढे चार-पाच दिवस इथल्या ओहोटीच्या वेळा किती पडतील ते पंचांग घेऊन काढा. पाऊणपट करा, सात-साडेसात तास मिळवा, मग अर्धी भरती-ओहोटी म्हणजे सव्वासहा तास वजा करा. मला कागदावर लिहून दादाकडून फोटो पाठवा. मी इथल्या तक्त्याशी ताडून बघते आणि फरक किती येतो ते कळवते. रॉसिलीला जायचा दिवस त्यावरून ठरवू.

दादा-वहिनींना नमस्कार, पिल्लाला गोड पापा. पत्र मिळालं की फोन करा.

तुमची,
सोनू

ता. क. आई, गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून नवीन लिहून घे आणि दोन महिने पुरतील एवढ्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेव, मोठ्या बॅगेत नको. आमसुलं आणायला हरकत नाही, पण नीट बंद पाकिटात. ओला नारळ आणू नकोस, इथे मिळतो.